कोकणातून टोकियोच्या बाजारात पैसे घालायचे तर

जपानचा निक्केई निर्देशांक नवा उच्चांक गाठतो आणि आठवड्याभरात चिपळूणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर 'जपान फंड कुठला चांगला?' अशी विचारणा सुरू होते. विचारणारे बहुतेक जण पतसंस्थेच्या ठेवींपलीकडे गेलेले, एक-दोन एसआयपी (म्युच्युअल फंडातले दरमहाचे हप्ते) चालवणारे असतात. कुणी शिक्षक, कुणी बागायतदार, कुणाचा मुलगा मर्चंट नेव्हीत, कुणाचा भाऊ दुबईला. हा लेख त्यांच्यासाठी आहे. शेअर बाजारात अजून एक रुपयाही घातला नसेल तर आधी भारतातला एखादा साधा इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड, दोन-तीन वर्षं धरून बघा. त्यात पंधरा-वीस टक्के घसरण आली की पोटात काय होतं हे कळलं, की मग परदेशाकडे वळा.

माझं मत आधीच सांगतो. परदेशी फंड जास्त कमाईसाठी घेऊ नये. आपलं घर, बाग, नोकरी, ठेवी, विमा सगळं एकाच देशात आणि एकाच चलनात अडकलेलं असतं. त्यातला लहानसा भाग बाहेर असावा, एवढ्यासाठीच तो घ्यावा. ज्याचं वर्ष एका हापूसच्या हंगामावर चालतं, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मोहोरावर अवकाळी पाऊस पडला की काय होतं ते त्याने पाहिलेलं असतं.

एका देशाच्या निर्णयाचा फटका कसा बसतो हेही आपल्याकडे माहीत आहे. फळमाशीच्या कारणावरून जपानने १९८६ साली भारतीय आंब्याला दार बंद केलं. ते उघडलं २००६ मध्ये, तेही फळावर गरम वाफेची प्रक्रिया करण्याच्या अटीवर. वीस वर्षं आंबा तोच होता, बाग तीच होती. गुंतवणुकीतही असंच होतं. कंपनी उत्तम असते, पण तिच्या देशाचं काहीतरी बिनसलं की ती वर्षानुवर्षं झोपून राहते. आणि याचं सगळ्यांत मोठं उदाहरण जपानच आहे.

पायरी पहिली: जपानचा इतिहास वाचा, मगच पैसे काढा

२९ डिसेंबर १९८९ रोजी निक्केई ३८,९१५ वर बंद झाला. त्या काळात टोकियोतल्या जमिनींचे आणि शेअरचे भाव कर्जाच्या पैशावर फुगले होते. जपानच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवले आणि फुगा फुटला. बँका बुडीत कर्जांखाली दबल्या, भाववाढ थांबली, मग भाव उतरायलाच लागले. मार्च २००९ मध्ये निक्केई ७,०५४ पर्यंत आला, म्हणजे शिखरापासून सुमारे ८२ टक्के खाली. १९८९ चा आकडा पुन्हा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडला. चौतीस वर्षं!

या आकड्यांत लाभांश धरलेला नाही. तो धरला तर भरपाई थोडी आधी झालेली दिसते. शिवाय शिखरावर एकरकमी घालणाऱ्याची ही गोष्ट आहे. दर महिन्याला थोडं थोडं घालणाऱ्याला मधल्या वर्षांतले पडलेले भावही मिळाले असते. तरीही त्या वेळी जगात दुसऱ्या क्रमांकाच्या असलेल्या अर्थव्यवस्थेत हे घडलं, हे विसरू नका. 'पाच-सात वर्षं थांबलं की बाजार वर येतोच' हे आपल्याकडचं लाडकं वाक्य जपानने खोटं पाडलेलं आहे.

मग आता तिथे काय बदललं? दोन-तीन गोष्टी ठोस आहेत. जपानी कंपन्या वर्षानुवर्षं रोकड साठवून बसायच्या, भागधारकांची फारशी पर्वा न करता. मार्च २०२३ मध्ये टोकियो शेअर बाजाराने कंपन्यांना सांगितलं, की भांडवलाचा खर्च आणि शेअरचा भाव यांकडे लक्ष द्या. ज्यांच्या शेअरचा भाव पुस्तकी मूल्याहूनही (मालमत्तेतून देणी वजा करून उरणाऱ्या रकमेहूनही) कमी आहे, त्यांनी सुधारण्याची योजना जाहीर करावी. त्यानंतर शेअरची फेरखरेदी (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं) आणि लाभांश वाढले. मार्च २०२४ मध्ये बँक ऑफ जपानने २०१६ पासून चालू असलेले उणे व्याजदर संपवले. आणि ऑगस्ट २०२० मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने इतोचू, मारुबेनी, मित्सुबिशी, मित्सुई आणि सुमितोमो या पाच व्यापारी कंपन्यांत हिस्सा घेतल्याचं जाहीर केल्यावर जगाचं लक्ष तिकडे गेलं. यापुढे भाव वाढतील याची हमी यातल्या कशानेच मिळत नाही. तेजीमागे निव्वळ अफवा नाही, एवढंच यावरून म्हणता येतं.

निर्देशांकाबद्दल एक बारकावा. बातम्यांत येणारा निक्केई २२५ कंपन्यांचा आहे आणि तो शेअरच्या भावानुसार मोजतात. त्यामुळे महाग शेअरचं वजन जास्त होतं; युनिक्लो हा कपड्यांचा ब्रँड चालवणारी फास्ट रिटेलिंग त्यात आकारापेक्षा मोठी दिसते. टोपिक्स हा दुसरा निर्देशांक कंपनीच्या बाजारमूल्यावर मोजतात आणि त्यात कंपन्याही कितीतरी जास्त आहेत. जपानचं खरं चित्र मला टोपिक्समध्ये दिसतं. फंडाची तुलना कुठल्या निर्देशांकाशी केली आहे ते म्हणूनच पाहायचं.

पायरी दुसरी: किती घालायचे ते आधी ठरवा

सहा महिन्यांचा घरखर्च, आरोग्य विमा आणि जवळच्या खर्चाचे पैसे बाजूला ठेवल्यावर जे शेअरसाठी उरतं, त्याच्या दहा टक्क्यांपासून सुरुवात करा. नवख्याने पंधराच्या वर जाऊ नये असं मी सांगतो. हा नियम कुठे लिहिलेला नाही, माझा अंदाज आहे.

या दहा टक्क्यांत जपान किती? विकसित देशांच्या एमएससीआय वर्ल्ड निर्देशांकात अमेरिकेनंतर जपानचाच नंबर लागतो, पण त्याचा वाटा जेमतेम पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे परदेशातले निम्मे पैसे जपानात घालणारा माणूस जगभर पैसे विभागतोय असं म्हणत असला, तरी तो एका देशावर मोठी पैज लावत असतो. आधी अमेरिका किंवा सगळं जग व्यापणारा फंड घ्या, त्याच्या जोडीला जपान किंवा आशियाचा छोटा तुकडा ठेवा. उलटा क्रम नको.

बागायतदारांचा प्रश्न वेगळा. पैसे मे-जूनमध्ये एकदम येतात आणि दर महिन्याची एसआयपी फेब्रुवारीत खात्यात पैसे नाहीत म्हणून परत जाते. त्यापेक्षा हंगामाची रक्कम त्याच फंड कंपनीच्या लिक्विड फंडात (कमी मुदतीच्या, कमी जोखमीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात) टाका आणि तिथून दर महिन्याला ठरावीक रक्कम परदेशी योजनेत वळवा. याला एसटीपी म्हणतात. ही सोय एकाच कंपनीच्या दोन योजनांमध्ये मिळते, म्हणून आधी परदेशी योजना ठरवायची आणि मग लिक्विड फंड, असा क्रम ठेवा.

पायरी तिसरी: दार कुठलं ते पाहा, आणि ते उघडं आहे का तेही

परदेशी शेअर थेटही घेता येतात, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. जपानात शेअर साधारण शंभराच्या पटीत घ्यावे लागतात. एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून पैसे पाठवायचे, दहा लाखांवर रक्कम गेली की उगमस्थानी कर भरायचा आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता न चुकता भरायचा, असा सगळा व्याप आहे. तो तक्ता राहिला तर जबर दंडही होऊ शकतो. भारतीय म्युच्युअल फंडातून गेलात तर रुपये भरायचे, रुपयांत परत घ्यायचे; परदेशातलं सगळं फंड कंपनी बघते.

फंडांतही प्रकार आहेत. पहिला, थेट परदेशी शेअर घेणारा फंड. जपानपुरती अशी ओळखीची योजना म्हणजे निप्पॉन इंडिया जपान इक्विटी फंड, २०१४ पासून चालू असलेली. दुसरा, फंड ऑफ फंड्स. इथली योजना तुमचे पैसे परदेशातल्या दुसऱ्या फंडात नेऊन टाकते. खर्च दोन ठिकाणी बसतो, म्हणून मूळ फंडाचा खर्चही माहितीपत्रकात शोधा. तिसरा, ईटीएफ, जो डीमॅट खात्यातून शेअरसारखा घेता येतो. हाँगकाँगचा हँग सेंग बीज आणि अमेरिकेचा मोतीलाल ओसवाल नॅसडॅक १०० हे त्यातले जुने. चौथी वाट आडवळणाची आहे. पराग पारिख फ्लेक्सी कॅपसारख्या काही भारतीय योजना आपला थोडा हिस्सा परदेशी शेअरमध्ये ठेवतात. भारतीय शेअर ६५ टक्क्यांहून जास्त असल्याने त्यांना कर भारतीय फंडासारखाच लागतो. ज्याला फार खटाटोप नको, त्याला एवढंही पुरतं.

आता मुख्य अडचण. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशी गुंतवणुकीसाठी ७०० कोटी डॉलरची मर्यादा घातलेली आहे, आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळी १०० कोटी डॉलरची. पहिली मर्यादा भरत आली म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये बहुतेक योजनांनी नवे पैसे घेणं थांबवलं. जूनमध्ये मोकळीक मिळाली, पण फेब्रुवारीतल्या पातळीपुरतीच: लोक पैसे काढतील तेवढीच जागा नव्यांना. १ एप्रिल २०२४ पासून परदेशी ईटीएफमध्ये पैसे नेणाऱ्या योजनांनाही थांबावं लागलं. परिणाम असा, की योजना कधी पूर्ण बंद असते, कधी फक्त जुन्या एसआयपी चालू ठेवते, कधी एका पॅनवर महिन्याला ठरावीक रकमेपर्यंतच घेते. म्हणून फंड निवडण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या योजनेची ताजी सूचना वाचा. दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर विसंबू नका.

या मर्यादेतून एक सापळा तयार झालाय आणि त्यात नवखेच जास्त सापडतात. फंड कंपनीला नवी ईटीएफ युनिट काढता येत नाहीत, घेणारे मात्र वाढतात, त्यामुळे बाजारात त्या युनिटचा भाव आतल्या मालाच्या किमतीहून वर जातो. समजा युनिटमागच्या शेअरची किंमत १०० रुपये आहे आणि बाजारात ते ११५ ला विकलं जातंय. उद्या मर्यादा वाढली, नवी युनिट आली आणि भाव १०० वर उतरला, तर टोकियोत किंवा न्यूयॉर्कमध्ये काहीही न होता तुमचे १३ टक्के गेले. घेण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या ईटीएफचा आय-एनएव्ही बघा. दिवसभर बदलणारं युनिटचं मूल्य तिथे दिसतं. फरक दीड-दोन टक्क्यांहून जास्त असेल तर त्या दिवशी घेऊ नका. आणि ऑर्डर कायम लिमिटची, म्हणजे जास्तीत जास्त किती भाव देणार ते ठरवून, टाका.

पायरी चौथी: येनचं गणित हाताने करून बघा

परदेशी फंडात तुम्ही एका वेळी दोन गोष्टी विकत घेता, शेअर आणि चलन. वर्तमानपत्रात निक्केईचा आकडा येतो तो येनमधला. तुमचा परतावा रुपयांत येतो.

एक लाख येनचं उदाहरण घेऊ. घेताना येनचा भाव ६० पैसे, म्हणजे तुमचे ६०,००० रुपये लागले. वर्षभरात जपानी शेअर २० टक्के चढले. एक लाख वीस हजार येन झाले. पण मधल्या काळात येन ५४ पैशांवर घसरला. हातात आले ६४,८०० रुपये. वीस टक्क्यांचे आठ झाले, खर्च वजा करायचाच आहे. हे कल्पनेतलं वाटत असेल तर खरे भाव पाहा: २०२० मध्ये शंभर येनला सत्तरच्या आसपास रुपये पडायचे, जुलै २०२४ मध्ये जेमतेम बावन्न.

उलटंही होतं. येन वधारला तर शेअर जागच्या जागी असूनही फायदा दिसतो. पण टोयोटासारख्या निर्यात करणाऱ्या कंपन्यांना येन महागला की फटका बसतो, त्यामुळे जपानात शेअर आणि चलन बरेचदा विरुद्ध दिशेने चालतात. बर्कशायरने पाच कंपन्यांचे शेअर घेताना येनमध्येच रोखे विकून पैसा उभा केला होता. येन पडला तर कर्जही स्वस्त. तुमच्या-माझ्याकडे ती सोय नाही, म्हणून लांबचा काळ आणि हप्त्याहप्त्याने खरेदी एवढंच आपल्या हातात आहे.

गल्फमध्ये असलेल्यांसाठी एक वेगळा विचार. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. म्हणजे तुमचा पगार आधीच डॉलरचा आहे. चलन विभागण्यासाठी परदेशी फंड घेण्याची घाई घरच्या शिक्षकाला जितकी असावी तितकी तुम्हाला नाही. गावी परतायचं असेल, तर तुमचा पुढचा खर्च रुपयांत आहे हे लक्षात धरा.

पायरी पाचवी: कागदपत्रं

हा भाग सोपा आहे. पॅन आणि आधार जोडलेलं हवं, केवायसी पूर्ण हवं आणि पॅनवरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळलं पाहिजे. आपल्याकडे घोळ इथेच होतो. शाळेच्या दाखल्यावर गावाच्या नावाचं आडनाव, पॅनवर मूळ आडनाव, बायकोच्या बँक खात्यावर माहेरचं. केवायसी अडलं की आधी हे तपासा. एमएफ सेंट्रलवर सगळ्या फंडांचे तपशील एका ठिकाणी दिसतात. नॉमिनीचं नाव तिथेच भरून टाका.

योजनेचे डायरेक्ट आणि रेग्युलर असे दोन प्लॅन असतात. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन खर्चात धरलेलं असतं. स्वतः फॉर्म भरता येत असेल तर डायरेक्ट घ्या. वर्षाचा पाऊण-एक टक्का वाचला तर वीस वर्षांत तो फार होतो. पण बाजार पडल्यावर फोन करून धीर देणारा प्रामाणिक वितरक तालुक्याच्या गावात तुमच्याजवळ असेल, तर त्याला दिलेला एक टक्का मी वाया गेलेला मानत नाही. पैसे मात्र नेहमी म्युच्युअल फंडाच्याच नावे जायला हवेत. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर पाठवून 'टोकियोत ट्रेडिंग' करून देणारं ॲप म्हणजे सरळ फसवणूक.

परदेशी राहणाऱ्यांनी केवायसीत अनिवासी दर्जा नोंदवून एनआरई किंवा एनआरओ या अनिवासींसाठीच्या बँक खात्यातूनच पैसे भरायचे. निवासी असताना सुरू केलेली एसआयपी तशीच जुन्या खात्यातून चालू ठेवणं नियमात बसत नाही. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांचे अर्ज काही फंड कंपन्या घेत नाहीत, हेही आधी विचारून घ्या.

पायरी सहावी: घेतल्यानंतर

टोकियोचा बाजार आपल्या वेळेनुसार पहाटे साडेपाचला उघडतो, आठ ते नऊ जेवणाची सुट्टी घेतो आणि दुपारी बाराला बंद होतो. नोव्हेंबर २०२४ पासून तो अर्धा तास वाढवलाय. रोज बघायची गरज नाही. ५ ऑगस्ट २०२४ ला निक्केई एका दिवसात १२ टक्क्यांहून जास्त कोसळला. बँक ऑफ जपानने व्याजदर वाढवले होते, येन झपाट्याने वधारला आणि स्वस्त येन उसना घेऊन जगभर गुंतवणाऱ्यांची पळापळ झाली. दुसऱ्याच दिवशी निर्देशांक १० टक्के वर आला. पहिल्या दिवशी घाबरून विक्रीचं बटण दाबलेल्यांचं काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको.

वर्षातून एकदा, गणपती झाल्यावर म्हणा किंवा मार्चअखेर, हिशेब करा. दहा टक्क्यांचे पंधरा झाले असतील तर नवे हप्ते भारतीय फंडाकडे वळवा. विकून समतोल साधू नका, कारण विक्रीवर कर लागतो आणि बाहेर काढलेल्या पैशाला मर्यादेमुळे परत आत जागा मिळेलच असं नाही.

करापुरतं एवढं लक्षात ठेवा. परदेशी फंडाची युनिट चोवीस महिन्यांहून जास्त ठेवून विकली तर नफ्यावर १२.५ टक्के कर. त्याआधी विकली तर नफा उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याच्या दराने. शेअर बाजारात नोंदलेल्या ईटीएफला बारा महिने पुरतात. भारतीय शेअर फंडांना मिळणारी सव्वा लाखाची वार्षिक सूट इथे लागू नाही. एका योजनेतून दुसरीत केलेला स्विच म्हणजेही विक्रीच. एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ या काळात कर वेगळाच होता, त्यामुळे जुने लेख वाचून विवरणपत्र भरू नका.

पैसे काढताना भारतीय फंडापेक्षा जास्त दिवस धरा. आपल्याकडे शेअर फंडाचे पैसे दोन-तीन दिवसांत खात्यात येतात, परदेशी फंडाला पाच कामकाजाचे दिवसही लागू शकतात आणि मध्ये तिकडची सुट्टी आली तर आणखी. जपानात एप्रिलच्या अखेरपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गोल्डन वीकच्या सुट्ट्या असतात. २०१९ मध्ये नव्या सम्राटाच्या राज्यारोहणामुळे टोकियोचा बाजार सलग दहा दिवस बंद होता. वर्षअखेरही ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी तिथे व्यवहार नसतात. तेव्हा मेच्या पहिल्या आठवड्यात वाशीला पाठवायच्या पेट्यांचं भाडं किंवा मजुरांचे पैसे या फंडातून द्यायचे असतील, तर विक्रीचा अर्ज १५ एप्रिलच्या आत टाका.